टिळा चुकीच्या पेशीला

मंडळी, मी मितभाषी माणूस आहे. असे मी म्हणतो. परतूरच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली मुले कदाचित वेगळे सांगतील. पण आज तुम्ही चहा पुढे ठेवून आग्रह धरला आहे, आणि माणसाची फजिती त्याने स्वतः सांगितलेली बरी. मी गप्प बसलो तर आमची आक्का सांगेल. ती सांगताना माझी टोपीसुद्धा वाकडी करून दाखवते!

तर ऐका. मी एकदा कुंकवाच्या एका बोटाने भर बाजाराच्या दिवशी सबंध गाव गोळा केले आणि सख्ख्या भाचीची सोयरीक जवळजवळ मोडली. कशापायी? शरीरशास्त्रापायी. तेही मी कधी न शिकलेल्या शरीरशास्त्रापायी! मी मराठी आणि इतिहास शिकवणारा हेडमास्तर. पेशींशी माझा संबंध काय? पण अहंकाराला विषयाचे बंधन नसते.

जालना जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कुंभार पिंपळगावला दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, शेतकरी आणि देवमाणूस. देवमाणसाची एक अडचण असते. तो कोणालाच नाही म्हणत नाही. बैल विकायला आलेल्याला ‘होय’, आणि तोच बैल मागायला आलेल्यालाही ‘होय’. मग घरात ‘नाही’ म्हणायचे काम कोणी करायचे? ते परमेश्वराने माझ्याकडे दिले आहे अशी माझी समजूत होती. मी ते निष्ठेने करत असे. परतूरहून बस धरून यायचो, नाही म्हणायचो, आणि परत जायचो.

त्यांची मुलगी शोभा पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. गावात बायका आक्काला विचारत, “पोरगी काय करून राह्यली पुण्याला?” आक्का सांगे, “रक्ताचं काही तरी करती.” बायका हळहळत, “मंग लवकर बरी होऊ दे गं माय!”

एका दिवाळीच्या सुट्टीत मी शोभाला समोर बसवले आणि म्हणालो, “मला नीट समजावून सांग. आपल्या घरातली मुलगी काय शिकते हे आपल्याला कळू नये, ही लाजेची गोष्ट आहे.”

तिला आनंद झाला. म्हणाली, “मामा, शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, हे ठाऊक आहे ना?”

“सैनिक.”

“हं. पण हे सैनिक एकदा पेटले की त्यांना थांबायचं कळत नाही. रोग गेला तरी लढत राहतात, आणि आपल्याच घराला आग लावतात. म्हणून दुसऱ्या काही पेशी असतात. त्या म्हणतात, पुरे. त्यांना दमनकारी टी पेशी म्हणतात. त्या कोणाला धरतात, अंगाला अंग लावून धरतात की लांबूनच काही निरोप धाडतात, ते आम्ही शोधतोय.”

मंडळी, खरे सांगतो, माझा ऊर भरून आला. देवाने माणसाच्या रक्तातसुद्धा एक हेडमास्तर ठेवला आहे! (पुढे शास्त्रज्ञांत या पेशींवरून पुष्कळ वाद झाले, नावेही बदलली. तो त्यांचा प्रश्न. मला त्या दिवशी त्या पटल्या त्या पटल्याच.)

“पण,” शोभा म्हणाली, “सूक्ष्मदर्शकाखाली लढणारी कोण आणि आवरणारी कोण, हे ओळखूच येत नाही. सगळ्या सारख्याच गोल. म्हणून प्रतिपिंड वापरतात. एक प्रतिपिंड एकाच प्रकारच्या पेशीला चिकटतं, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला चमकणारा रंग जोडला की ती पेशी गर्दीत उठून दिसते.”

“टिळ्यासारखी,” मी म्हणालो.

“अगदी तशी!” ती टाळी देणार होती, पण समोर मी आहे हे ध्यानात येऊन तिने हात मागे घेतला. “आणि खूण केली की त्यांना बाजूलाही काढता येतं. रक्तातच एक पूरक पदार्थ असतो. तो खूण असलेल्या पेशीवर जाऊन बसला की ती पेशी संपली. मग उरलेल्यांकडे बघायचं. आवरणारं कोणी नसलं की काय होतं?”

“अनर्थ होतो.”

“ते बघावं लागतं, मामा. आधीच ठरवून चालत नाही.”

हे शेवटचे वाक्य मी कानाआड केले. बाकीचे सगळे पाठ केले. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी शाळेच्या प्रार्थनेनंतर मी मुलांना दमनकारी पेशींवर व्याख्यान दिले. संयम, मर्यादा, वडीलधाऱ्यांचा शब्द. मुले इतकी शांत होती की मला वाटले, त्यांना पटले. आता वाटते, ऊन फार होते.

त्यानंतर काही महिन्यांनी शोभाला स्थळ आले. तीर्थपुरीचे घर, खाऊनपिऊन सुखी, शेती मोठी. मुलगा श्रीकांत जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. मुलामुलीने एकमेकांना पाहिले होते, दोघांनाही पसंत होते. गाठ एकाच जागी होती. शोभाचे पुण्याचे काम अर्ध्यात होते, आणि लग्न झालेली सून पुण्यात एकटी राहणार हे मुलाच्या थोरल्या काकांना, म्हणजे रंगनाथरावांना, मान्य नव्हते. त्या घरात त्यांचा शब्द अखेरचा.

शोभाने मला बाजूला घेऊन सांगितले, “मामा, हे घर मिळालं तर मला आनंदच आहे. पण काम अर्धं टाकून मी जाणार नाही. तेवढं तुम्ही बोलून घ्या. बाबांना जमणार नाही.”

आक्का तर स्पष्टच बोलली. “भाऊ, तुझ्या दाजीवर सोडलं तर ते लेकीला आजच त्यांच्या जीपमधी बसवून देतील. तूच बस समोर.”

मी शब्द दिला, “पुण्याची अट मान्य झाल्याशिवाय टिळा नाही.”

टिळ्याचे महत्त्व तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. आमच्या भागात मुलीकडच्या वडीलधाऱ्याने मुलाच्या कपाळी कुंकू-अक्षता लावल्या आणि हाती नारळ दिला की सोयरीक पक्की. त्यानंतर राजाही ती मोडू शकत नाही. म्हणून सगळे आधी बोलून घ्यायचे, आणि शेवटी टिळा. हा क्रम लहान पोरालाही कळतो.

मला कळत नव्हता, असे नाही.

बोलण्यांचा दिवस नेमका पिंपळगावच्या आठवडी बाजाराचा. पाहुणे जीपने आले. मुलाचे वडील माणिकराव, आई कौसल्याबाई, स्वतः श्रीकांत, आणि सर्वांत शेवटी रंगनाथराव. भुवयांपर्यंत उतरलेला फेटा, आणि त्याखाली असे डोळे की आमच्या शाळा तपासायला येणारे साहेब यांच्यापुढे कोकरू वाटावेत. कौसल्याबाई पदर सावरून आतल्या दाराशी आक्काजवळ बसल्या. आम्ही पुरुष बैठकीत बसलो. मध्ये चौरंगावर ताट होते. त्यात कुंकवाचा करंडा, अक्षता आणि नारळ. पाहुणीची ओटी भरायला म्हणून आक्काने ते मांडून ठेवले होते.

पोहे झाले. आक्का चहा टाकायला आत गेली. रंगनाथरावांनी विषयाला हात घातला.

“गुरुजी, पुण्यात असं काय हाय म्हणलं? जालन्यात दवाखाने न्हाईत का?”

“दवाखाना नव्हे, रंगनाथराव. प्रयोगशाळा आहे.”

“मंग तिथं पोरगी करते काय?”

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मास्तरांना एक रोग असतो. कोणी ‘नाही’ म्हटले की त्यांना वाटते, याला समजलेले नाही. समजले असूनही माणूस नाही म्हणू शकतो, हे त्यांच्या मनात येत नाही. मी समजावायला बसलो. सैनिक सांगितले, आग सांगितली, दमनकारी पेशी सांगितल्या. माणिकराव डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांची मान खाली गेली, तेव्हा कळले की ऐकत नव्हते. दाजी प्रत्येक वाक्याला “होय, होय” म्हणत होते. एकटा श्रीकांत मन लावून ऐकत होता. मुलगा गुणी, हे मी मनात नोंदवले.

रंगनाथरावांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. “म्हणजे डोळ्याला दिसत न्हाई अशी वस्तू हुडकायची. अन् त्यापायी घरची सून पुण्यात ठेवायची. बिलकुल जमणार न्हाई.”

“दिसत नाही? आत्ता दाखवतो!” असे म्हणून मी चौरंगावरचे ताट जवळ ओढले.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, त्या ताटातल्या वस्तू कोणत्या हे तुम्हाला दिसत नव्हते का? दिसत होत्या. पण मी त्या क्षणी पिंपळगावात नव्हतो हो! मी पुण्याच्या प्रयोगशाळेत होतो.

दमनकारी पेशी म्हणून प्रथम माझ्या डोळ्यांपुढे रंगनाथरावच आले. तंतोतंत नमुना! पण तो फेटा, आणि ते डोळे. शास्त्राला धैर्य लागते. माझ्याजवळ तेवढे नव्हते. शेजारी श्रीकांत हसतमुख बसला होता.

“माना, हे श्रीकांतराव म्हणजे ती दमनकारी पेशी.”

“मानली,” श्रीकांत म्हणाला.

“आणि हे माझे बोट म्हणजे प्रतिपिंड. ते नेमके याच पेशीला जाऊन चिकटणार.” मी बोट कुंकवात बुडवले आणि त्याच्या कपाळी लावले. इथवर एक वेळ निभावले असते. पण चाळीस वर्षांच्या देवपूजेची सवय! कुंकवामागून हात आपोआप अक्षतांकडे गेला. त्याही चिकटवल्या.

“नुसत्या खुणेने भागत नाही. रक्तातला पूरक पदार्थ यावा लागतो. तो हा!” आणि मी नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

मुलगा संस्कारी घरातला. वडीलधाऱ्याने कुंकू लावले, नारळ दिला. त्याने काय करावे? उठला आणि वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. आणि वाकलेल्या माणसाला मी काय म्हणावे? तोंडाला वळण पडलेले. म्हणालो, “सुखाचा संसार करा!”

आतल्या दाराशी काही तरी सळसळले. मी लक्ष दिले नाही. वर्ग रंगात आला होता.

“आता खूण केलेली ही पेशी बाहेर काढायची. श्रीकांतराव, अंगणात जा!”

तो कपाळी टिळा, हातात नारळ, असा भर दुपारी अंगणात जाऊन उभा राहिला. मी रंगनाथरावांकडे वळून, बोट वर करून म्हणालो, “आता बघा, उरलेल्या पेशी कशा वागतात!”

आणि देवा रे देवा! वागू लागल्या की हो!

अंगणाच्या कुडापलीकडून शेजारच्या भागाबाईचा आवाज आला, “अगं माय! टिळा झाला की शोभीचा!” आतून आक्का साखरेचा डबा घेऊनच बाहेर आली. ती मला रागावेल असे वाटले. पण तिचे डोळे भरून आले होते. “भाऊ, मानून गेले का रे पुण्याचं? इतक्या जल्दी? मला वाटलंच होतं, तू करून दाखवशील!” आणि तिने साखरेची मूठ माझ्या उघड्या तोंडात घातली.

तोंडात साखर असताना माणूस खुलासा कसा करणार? ती गिळेपर्यंत भागाबाई मारुतीच्या देवळापर्यंत पोहोचली होती. देवळावर कर्णा होता. त्यावर चाललेले भजन मध्येच थांबले, खरखर झाली आणि आवाज आला, “हॅलो, हॅलो. आपल्या गावच्या शोभाताईची सोयरीक तीर्थपुरीकरांकडं पक्की झालेली हाय. समद्यांनी साखर खायला जल्दी यावं. हॅलो.”

बाजाराचा दिवस! मेथीची जुडी, कोंबडी, रॉकेलचा डबा, ज्याच्या हातात जे होते ते घेऊन माणसे अंगणात आली. शेजारच्या गावांची आली. ज्यांना शोभा कोण हे ठाऊक नव्हते तेही आले. कोणी तरी देवळातला झेंडूचा हार आणून श्रीकांतच्या गळ्यात घातला. हलगी वाजू लागली.

मी साखर गिळून अंगणात धावलो. “थांबा! हा टिळा नव्हे! हे प्रतिपिंड आहे!”

पुढे उभा असलेला एक म्हातारा समजुतीने म्हणाला, “काय बी असू द्या गुरुजी. लागलं ना? झालं मंग!”

मी खिशातून रुमाल काढला. निदान कपाळ तरी पुसावे! आक्काने माझे मनगट धरले. “भाऊ! शुभाचं कुंकू पुसतो का? डोकं फिरलं का तुझं?” बरे, नारळ तरी परत घ्यावा म्हणून हात पुढे केला. “दिलेला नारळ वापस घेत असतेत का कुठं?” आता तिलाही उमगले असावे. आवाज बारीक झाला. “भाऊ, खरं सांग. पुण्याचं मान्य झालं ना?”

मी मान खाली घातली. दाजी जवळ आले. त्यांनी काहीही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला. मंडळी, तो हात मला अजून आठवतो. माझ्या मूर्खपणाने त्यांची लेक पणाला लागली होती, आणि ते मला धीर देत होते.

तेवढ्यात बैठकीतून गर्जना झाली. रंगनाथराव उभे राहिले होते.

“माणिक, ऊठ! जीप काढ! बोलणी अर्ध्यात अन् यांनी टिळा लावून मोकळं! समद्या बाजारासमोर बांधून घेतलं आपल्याला. गुरुजी, ही मास्तरकी हाय का दगाबाजी?”

“दगाबाजी?” मी बैठकीत धावलो, माझाही आवाज चढला. “मी आयुष्यात खोटे बोललो नाही! आणि ऐका, पुण्याची अट मान्य नसेल तर ही सोयरीक आम्हालाही मान्य नाही.”

“न्हाई ना? मंग मोडली!”

“मोडली तर मोडली!”

हलगी थांबली. मला माझाच आवाज ऐकू आला. जिचे नाव आत्ताच कर्ण्यावरून साऱ्या बाजाराने ऐकले, तिची सोयरीक त्याच बाजारासमोर मोडत होती; आणि मोडणारा तिचा मामा होता. दारात श्रीकांत हार घालून उभा होता, चेहरा उतरलेला. आतल्या दारात शोभा होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. मनात म्हणालो, मारुतीराया, मला जीभ दिलीस, ती आवरणारे कोणी का दिले नाहीस?

शोभा पुढे आली. मला वाटले, रडेल. ती ओठ दाबून उभी होती. रडे दाबत होती की हसू, ते मला तेव्हा कळले नाही.

“मामा, प्रयोगात एक चूक झाली.”

“एक?”

“एकच. खूण चुकीच्या पेशीला केली.”

तिने करंडा उचलला, आणि माझ्या कपाळी कुंकू लावले. मग ती रंगनाथरावांसमोर जाऊन उभी राहिली. “काका, लावू का?”

घरात येऊ घातलेली मुलगी कुंकू लावते आहे. त्याला नाही कोण म्हणेल? रंगनाथरावांनी तिच्याकडे पाहिले, करंड्याकडे पाहिले, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने फेटा वर सरकवला. तिने कुंकू लावले.

“आता दोघं जरा बाहेर बसा,” शोभा म्हणाली.

“कोण, आम्ही?” आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

आतल्या दाराशी पदराआडून कौसल्याबाई प्रथमच बोलल्या, “बराबर हाय पोरीचं. दादा, लिंबाखाली हवा चांगली हाय.”

अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकली होती. तिच्या एका टोकाला मी बसलो, दुसऱ्या टोकाला रंगनाथराव. दोघांच्या कपाळी टिळे. बाजारची माणसे साखर खात आमच्याकडे पाहत होती. आत श्रीकांतला बोलावून घेतले गेले, आणि दार लोटले गेले.

रंगनाथरावांनी सुरुवात केली.

“हल्लीची पोरं…”

“ऐकत नाहीत.”

“बिलकुल न्हाई. मोठ्यांचा शब्द…”

“उरला नाही.”

“बराबर.”

मंडळी, इतका माझ्या मताचा माणूस मला तोवर भेटला नव्हता. अर्धे वाक्य ते बोलत होते, अर्धे मी.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, माझा भाऊ कुणालाच न्हाई म्हणत न्हाई. तुम्ही बघितलंच, बोलणी चालू होती तर झोपून गेल्ता. मंग घरात कुणी तरी न्हाई म्हणावं लागतं. मला काय हौस हाय का?”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या फेट्याखालचे डोळे आता तितके भयंकर वाटेनात. थकलेले वाटले. “रंगनाथराव,” मी म्हणालो, “आमचे दाजीही तसेच आहेत.”

त्यांनी चंची उघडून सुपारीचे खांड माझ्यापुढे धरले. मी सुपारी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

आतून हसण्याचा आवाज आला. आक्काचा, मग माणिकरावांचा, मग सगळ्यांचा.

“हसून राह्यले,” रंगनाथराव म्हणाले.

“होय.”

“बोलणी करताना हसतेत का?”

“शिस्त नाही.”

दार उघडले. शोभा बाहेर आली, आणि या वेळी मी तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा असा उजळला होता की माझे हात आपोआप देवळाच्या दिशेने जोडले गेले.

“जमलं, मामा. लग्न याच उन्हाळ्यात. काम पुरं होईपर्यंत मी पुण्यात राहायचं, सणवाराला तीर्थपुरीला यायचं. ते म्हणाले, थांबायला माझी ना नाही.”

‘ते’ म्हणजे श्रीकांत. आत्ताच ‘ते’ झाले होते.

“अन् माझी भावजय काय म्हणली?” रंगनाथरावांनी विचारले.

“आई म्हणाल्या, अर्धी भाकर तव्यावर टाकून कोण उठतं? भाजू द्या की पोरीला पुरती.”

रंगनाथरावांनी फेटा चाचपला. भाकरीला उत्तर नसते. मग म्हणाले, “मला न विचारता ठरलं म्हण की.”

“आणि मलाही,” मी म्हणालो.

“तुम्हाला दोघांना न विचारल्यामुळंच ठरलं,” शोभा म्हणाली, आणि खाली वाकून तिने आम्हा दोघांना नमस्कार केला. वाकलेल्या मुलीवर रागावता येत नाही. तिला हे चांगले ठाऊक होते.

वास्तविक इथे मी परमेश्वराचे आभार मानून गप्प बसायचे. मानले मी आभार. मनापासून मानले. माझ्या हातून विस्कटलेले ज्याने सावरले, त्या मारुतीरायाचे, त्या पोरीचे, दाराआडच्या त्या माउलीचे. पण गप्प बसणे? मी घसा साफ केला आणि म्हणालो, “म्हणजे प्रयोग सिद्ध झाला तर!”

शोभाने मान हलवली. “नाही मामा, अजून नाही. आवरणाऱ्या पेशी काढल्यावर काम सुरू झालं, एवढंच दिसलं. ते दुसऱ्या कशानंही झालं असेल. खात्री करायची तर त्याच पेशी परत आत सोडाव्या लागतात, आणि सगळं पुन्हा थांबतं का ते बघावं लागतं. त्याशिवाय आमच्याकडे कोणी मानत नाही.”

मी सत्याचा पाईक. अर्धवट सिद्ध झालेली गोष्ट मला सहन होत नाही. “मग चला,” म्हणून मी उठलो. टोपी सारखी केली. रंगनाथरावही उठले, त्यांनी फेटा खाली ओढला. आम्ही दोघे शास्त्राच्या सेवेसाठी पायरीपर्यंत गेलो. पहिल्या पायरीवर माझे पाऊल पडते न पडते, तोच आतून आक्का, माणिकराव, कौसल्याबाई आणि नवरदेव एका सुरात ओरडले,

“नको, नको! तिथंच बसा! चहा बाहेर आणून देतो!”

बाजारातली माणसे इतकी हसली की एकाच्या हातातली कोंबडी सुटली.

रंगनाथरावांनी माझी बाही धरून मागे ओढले. “बसा, गुरुजी. सोयरीक टिकवायची हाय ना?”

बसलो. चहा बाहेर आला. त्याच्याइतका गोड चहा मी पुन्हा प्यालो नाही.

शोभाचे काम पुरे झाले, संसारही सुखाचा झाला. मागाहून शोभाच्या दोन्ही धाकट्या भावांची लग्ने झाली, शेताच्या वाटण्या झाल्या, नवे घर बांधायचे ठरले. प्रत्येक वेळी मला परतूरहून मानाने बोलावणे येते. मी वेळेवर जातो. हातपाय धुऊन आत पाऊल टाकणार, तोच आक्का हाक देते, “अरे, मामा आले! बाज टाका लिंबाखाली!” मी जाऊन बसतो, नामस्मरण करतो; आणि परमेश्वराची कृपा अशी की, आतली सगळी कामे निर्विघ्न पार पडतात.